रंगूबाईंनी नाव घेतलं

करंजपाडा,
ता. १६ जानेवारी १९७९

तीर्थस्वरूप पंढरीदादास,
हौसाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस का? नाहीच ओळखणार, कारण हे अक्षर माझं आहे! आजवर वाण्याच्या पोराकडून पत्र लिहून घ्यायची, तर तो मेला माझ्या पत्रात स्वतःच्या मनाचंही घालायचा. ते आता बंद. तिसरीत शाळा सुटली त्यानंतर लेखणी हातात धरली नव्हती. ऑक्टोबरपासून बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात प्रौढ शिक्षणाचा वर्ग लागला आहे. दुपारची भांडी घासून झाली की आम्ही सोळा बायका जातो. वाल्मीक शिकवतो. तोच रे, तुझ्याबरोबर विटीदांडू खेळायचा तो. मॅट्रिक झालाय आणि अंबाडी नाक्यावर शिलाईचं दुकान चालवतो. हे पत्र लिहायला मला तीन दुपारी लागल्या, तेव्हा घाईघाईने वाचू नकोस.

आता खरी बातमी. आपली काशी चौथीत पहिली येणार असं गुरुजी आताच सांगतात. पण पुढं काय? गावात शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा अंबाडीला, तीन मैल, आणि पावसात ओढा भरला की वाट बंद. काशीचे बाबा म्हणतात, पोर एकटी धाडायची नाही. सासूबाई म्हणतात चौथी झाली म्हणजे डोक्यावरून पाणी, आता येत्या पावसात पाटलाच्या शेतावर भाताच्या आवणीला, रोपं लावायला घ्यायची. मलाही असंच आवणीला घेतलं होतं, तू विसरला असशील, मी नाही विसरले.

पण देवानं वाट काढली आहे. जिल्हा परिषदेनं गावात पाचवीचा वर्ग मंजूर केलाय! मास्तर ते देणार, खोली पंचायतीनं द्यायची, तीही एप्रिल संपायच्या आत लिहून. खोली आहे. पंचायतीचीच आहे. पण तिच्यात सावळाराम पाटलाच्या खताच्या गोणी आहेत, पंधरा वर्षं तोच सरपंच, मग काढणार कोण? मार्चमध्ये निवडणूक आहे. बाकीच्या वॉर्डांत तीन त्याचे, तीन खोली द्यावी म्हणणारे, असे सहाजण बिनविरोध झाले. सातवी जागा आपल्या वॉर्डाची. पाटील उभा आहे, आणि त्याच्यासमोर, बस खाली, वाल्मीक उभा राहिलाय!

तुझंही नाव अजून गावच्या यादीत आहे. येशील ना? शेवंतावहिनीला तिळगूळ पाठवलाय, तू वाटेत संपवू नकोस. लोभ आहेच, तो आता माझ्या हातचा समजावा.
तुझी,
हौसा


कामतघर, भिवंडी,
ता. २५ जानेवारी १९७९

चि. सौ. हौसा हिस,
पंढरीनाथाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि मी रात्रपाळीची झोप सोडून दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आहे, फक्त ओळी घाट चढतात. शेवंताला वाचून दाखवलं तर तिनं पदर डोळ्याला लावला. तिळगूळ पोचला, अर्धा. काशीला इथं ठेवून घेतलं असतं, पण एका खोलीत आम्ही सहाजण, आणि दिवसा पाय पसरायला जागा पाहिजे तर कोणीतरी ड्युटीवर पाहिजे.

आता निवडणुकीचं. राग मानू नकोस, मी चार माणसांत उठबस करणारा आहे म्हणून सांगतो. आमच्या शिफ्टनंतर हॉटेलात रोज हीच चर्चा होते. माझं मत मी तिथं टेबलावर हात आपटून सांगितलं आहे, की अडाणी माणसाला मत देऊन देशाचं वाटोळं झालं. ज्याला चिन्हाखालचं नाव वाचता येत नाही त्यानं शिक्का मारायचा तो कशाच्या जोरावर? आधी शिकावं, मग मत द्यावं. माझ्या शेजारच्या लूमवरचा रामनाथ, आझमगडचा, माझं ऐकून गप्पच झाला. त्याला पटलं असावं.

म्हणून तुम्ही बायकांनी यात पडू नये असं मला वाटतं. विठूभावोजी पाटलाची जमीन अर्धेलीनं करतात हे विसरू नकोस. वाल्मीक माझा मित्र, पण आपली वाडी बौद्धवाड्यातल्या माणसाला मत देईल हे होणे नाही. उगीच पाटलाशी वाकडं होईल आणि खोली राहील तिथंच. तू वर्गाला जा, अक्षर वळव. तुझ्या सासूबाईंना, रंगूमावशींना नमस्कार. त्या वर्गाला जाऊ देतात याचंच मला नवल वाटतं!

कळावे, लोभ असावा आणि उपदेशाचा राग नसावा.
तुझा दादा,
पंढरीनाथ


करंजपाडा,
ता. ७ फेब्रुवारी १९७९

ती. दादास,
हौसाचा नमस्कार. साष्टांग या वेळी घालत नाही.

राग आला आहे. आधी शिकावं मग मत द्यावं म्हणतोस, तर शाळेच्या खोलीत खताच्या गोणी आहेत. त्या मताशिवाय निघत नाहीत. मग आम्ही शिकायचं कधी आणि मत द्यायचं कधी, हे त्या हॉटेलातल्या टेबलाला विचारून कळव. तुला सातवीपर्यंत शिकता आलं कारण घरात राबायला मी होते. लिहिणार नव्हते, पण आता हातात लेखणी आहे तर लिहिलं.

सासूबाई जाऊ देतात असं कोण म्हणालं तुला? रोज रणकंदन असतं. बौद्धवाड्यात बसते, तिथलं पाणी पिते म्हणून पंधरा दिवस माझ्या हातचा तांब्या घेतला नाही. आता तर माझी पाटीच गायब आहे. सगळं घर पालथं घातलं, नाही सापडली. विचारलं तर म्हणतात, उंदरानं नेली असंल. एवढी पाटी नेणारा उंदीर मला बघायचाच आहे. मी आता वाल्मीकच्या बायकोची, जाईबाईची पाटी वापरते.

बायका कशा मत देतात ते तू कधी पाहिलं नाहीस, तू आपला रांगेत उभा राहून मोकळा. पाटलाच्या बैलगाड्या आम्हांला दारातून न्यायच्या. आत साहेब नाव विचारणार, नवऱ्याच्या नावासकट. आता नवऱ्याचं नाव आम्ही कसं घ्यायचं? तर पाटलाचा माणूस दामू तिथंच खुर्ची टाकून बसलेला असायचा, तो आमच्या वतीनं नावं सांगायचा. ही बायजाबाई, अमक्याची. ही हौसा, तमक्याची. आणि आत जाताना हळूच म्हणायचा की कोणी कुठं शिक्का मारला ते नावावरून आम्हांला मागनं कळतं. आम्ही घाबरून पाटलाला द्यायचो. वाल्मीकनं आता सांगितलं की कागदावर मत देणारीचं नाव नसतंच, कोणाला काही कळत नाही! बायजाबाईनं तर पाटी खाली ठेवून दामूला अशी शिवी हासडली की ती लिहायला अजून मला जोडाक्षरं येत नाहीत.

या खेपेला आम्ही गाडीत बसणार नाही, चालत जाणार. काशीचे बाबा विझलेली विडी ओढत राहतात. चिन्ह म्हणून वाल्मीकला छत्री मिळाली आहे आणि पाटलाला सायकल. शिंप्याला शिलाई मशीन मिळालं असतं तर काय बिघडलं असतं? वहिनीला मात्र साष्टांग नमस्कार सांग. तुझ्यावर लोभ आहे, पण तो सध्या माळ्यावर ठेवला आहे.
हौसा


कामतघर, भिवंडी,
ता. २ मार्च १९७९

चि. सौ. हौसा हिस,
अनेक आशीर्वाद, आणि माळ्यावरचा लोभ खाली काढावा ही विनंती.

तुझं पत्र शेवंताच्या हाती आधी लागलं. तिनं ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी राबायला तुला ठेवलं नव्हतं गं, पण शिकलो मी हे खरं. पुढं काय लिहू?

मी येतो. आमची सुट्टी शुक्रवारी, मतदान रविवारी, म्हणून मुकादमाच्या हातापाया पडून रविवारची पाळी बदलून घेतली. माझं मत वाल्मीकला. पण एक सांगून ठेवतो, तुम्ही नव्यानं शिकलेल्या, तेव्हा चुका होणार. म्हणून नीट समजून घे आणि सगळ्यांना सांग. कागद मिळाला की आधी छत्री शोधायची. शिक्का छत्रीवरच मारायचा, दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर नाही. शाई ओली असताना घडी घातली तर ठसा दुसरीकडे उमटतो, म्हणून फुंकर मारून वाळवायची. कागदावर दुसरी कसलीही खूण झाली की मत बाद. एकेक मत मोलाचं आहे. आमच्यासारख्या शिकलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही घोकून घ्या.

होळीची पुरणपोळी माझ्यासाठी ठेव. रविवारी सकाळच्या एस.टी.नं उतरतो आणि पाचच्या गाडीनं परततो. भेटीपर्यंत लोभ तुझ्याकडेच ठेव.
तुझा दादा,
पंढरीनाथ


करंजपाडा,
ता. २० मार्च १९७९

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि. या वेळी साष्टांग दोनदा!

निवडून आला! वाल्मीक निवडून आला! दोन मतांनी! पाटील ब्याण्णव, वाल्मीक चौऱ्याण्णव. घाईत लिहितेय, ओळी पुन्हा घाट चढतील, चढू दे.

तू नऊ वाजता मत देऊन, पुरणपोळी खाऊन नदीवर पोहायला गेलास आणि मग झोपून पाचची गाडी पकडलीस. मधल्या वेळात काय झालं ते तुला कुठं माहीत? ऐक. दहाला आम्ही निघालो. सोळाजणी म्हणून निघालो आणि मारुतीच्या देवळापर्यंत चाळीस झालो. पाटलाच्या गाड्या शेजारून रिकाम्या गेल्या. सगळ्यांत मागं कोण, तर सासूबाई! मी विचारलं तर म्हणाल्या की मी काय तुझ्यासंगं न्हाय, माजी मी चालतीय.

आत चष्मेवाला साहेब होता, नवखा. त्यानं बायजाबाईला नाव विचारलं. ती दामूकडे बघायला लागली. दामू हात बांधून बसला. म्हणाला की आता तुम्ही चालत येणाऱ्या शहाण्या झालात, तुमची नावं तुम्हीच सांगा. वाल्मीकच्या माणसानं सांगायला तोंड उघडलं, तर दामू उठून उभा राहिला आणि त्यानं हरकतच घेतली, की दुसऱ्यानं सांगितलेलं चालणार नाही, यादीतलं पूर्ण नाव जिचं तिनं सांगावं, नाहीतर परत पाठवा. साहेब म्हणाला, नियम तसाच आहे. पंधरा वर्षं हाच सांगत होता तेव्हा नियम कुठं गेला होता रे!

बायजाबाई पदर चावत परत फिरली. तिच्या मागनं पुतळाबाई फिरली. चिंचेखाली बायकांचा घोळका जमला. मी साहेबाला म्हणाले की मी लिहून देते. माझं झालं असतं, पण बाकीच्यांचं काय? अर्ध्याजणी अजून अ आ वर आहेत. मला डोळ्यांसमोर त्या खताच्या गोणी दिसायला लागल्या, आणि काशी आवणीला वाकलेली. रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या. साहेबानं नाव विचारलं, त्या नुसत्या रंगूबाई म्हणाल्या. पुढचं येईना. वीस वर्षं झाली मामंजींना जाऊन, पण नाव तोंडात घेतलं नव्हतं कधी. आणि त्या दामूची जीभ बघ, तो हसून साहेबाला म्हणाला की नवऱ्याचं नाव येत न्हाय, मग ही रंगूबाई कशावरून?

दादा, चाळीस वर्षं ज्याच्या शेतात म्हातारी चिखल तुडवते आहे, त्याचा माणूस विचारतो ही कोण म्हणून! सासूबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट ओढला. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, अशा बाईनं उखाणा घ्यायचा नसतो हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. आणि त्या खणखणीत आवाजात, बाहेर चिंचेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या:

गाईमागं वासरू, झाडावर पाखरू,
पाटलाच्या शेतात जल्मभर राबले मोरू!

साहेबानं यादीत बघितलं, रंगूबाई मोरू घरत, आणि कागद त्यांच्या हातात दिला. मग बाहेर एकच हशा उठला, टाळ्या पडल्या, आणि बायजाबाई पदर खोचून परत रांगेत! एकेक बाई उखाणा घेते आणि आत जाते. दुपारपर्यंत साहेबाला इतके उखाणे पाठ झाले असतील की घरी जाऊन बायकोला शिकवावेत. गंमत म्हणजे दामूच्या हरकतीनं पाटलाच्या बाजूच्या बायकांनाही तेच करावं लागलं. सांगायला दामू नाही, घाबरवायला दामू नाही. आमचा उखाणा मी लिहीत नाही, काशीचे बाबा दाराशी उभे होते, लाजून विडी उलटी धरली त्यांनी.

आता एक लहानशी गोष्ट. मोजणीत बायकांचं एकही मत बाद झालं नाही. उखाणे घेणाऱ्या, अंगठा लावणाऱ्या, सगळ्यांचे शिक्के जागच्या जागी. सबंध वॉर्डात एकच मत बाद. छत्रीवर शिक्का बरोबर होता म्हणे, पण त्याच्याखाली निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात, पं. रा. केणे अशी सही होती. साहेबानं कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. दामूसुद्धा हसला. हे पं. रा. केणे तुझ्या ओळखीचे आहेत का?

लोभ माळ्यावरून खाली काढून, पुसून, तुझ्यापुढे ठेवला आहे.
तुझी,
हौसा


कामतघर, भिवंडी,
ता. २९ मार्च १९७९

चि. सौ. हौसा हिस,
तोंड लपवून अनेक आशीर्वाद.

आहेत, ओळखीचे आहेत. आरशात रोज दिसतात.

काय सांगू तुला? शिक्का मारला, फुंकर मारली, सगळं तुला लिहिलं तसं केलं. मग खिशातलं पेन हाताला लागलं. आमच्या खात्यात हजेरीच्या वहीवर अठ्ठावीस माणसं अंगठा लावतात, सही करणारा मी एकटा. इतक्या वर्षांची सवय, आणि सवयीपेक्षा तोरा. वाटलं, सातवी पास माणसाचं मत आहे, ते सहीनिशी असावं. पेन खिशात ठेवल्यावर आठवलं की मीच तुला काय लिहिलं होतं! तोवर साहेबानं घडी घालून पेटीत टाकायला लावलं. म्हणून तर मी तोंड चुकवून नदीवर गेलो आणि झोपेचं सोंग घेतलं. एका मतानं वाल्मीक पडला असता तर मी गावाचं तोंड पाहिलं नसतं, काशीचं तर नाहीच.

हॉटेलात टेबलावर हात आपटून बोललो होतो, तर तिथंच सगळं सांगितलं. सगळे पोट धरधरून हसले. रामनाथ तेवढा हसला नाही. म्हणाला की पंढरीभाई, त्या दिवशी मला पटलं म्हणून मी गप्प नव्हतो, मी अंगूठाछाप आहे म्हणून गप्प होतो. मला त्याच्याकडे बघवेना. आता शिफ्ट सुटल्यावर मी त्याला सही शिकवतो. फक्त ती कुठं करायची नाही हेही सांगून ठेवलं आहे.

अडाणी माणसाला मत नको, हे माझं वाक्य मी परत घेतो. रंगूमावशींच्या पायावर माझ्या वतीनं डोकं ठेव. काशीला नवी पाटी आणि पेन्सिलींचा पुडा एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिला आहे. तुझा लोभ मिळाला, त्याला मी पात्र आहे की नाही ते तू ठरव.
तुझा दादा,
पंढरीनाथ (सही नाही, नुसतं नाव)


करंजपाडा,
ता. १४ जून १९७९

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल काशी पाचवीत बसली. खोली एप्रिलमध्येच लिहून दिली, पण गोणी निघता निघेनात. शेवटी वाल्मीकनं आणि काशीच्या बाबांनी मिळून त्या पाटलाच्या पडवीत नेऊन ठेवल्या. हो, काशीच्या बाबांनी! पाटील रागावला, अजून रागावलेला आहे, औंदा जमीन दुसऱ्याला देतो म्हणाला. पण आवणी तोंडावर आणि बायका म्हणाल्या की हौसाच्या घरची जमीन काढली तर आम्ही कोणीच वाकणार नाही. मग तो गप्प बसला. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. खोलीला अजून खताचा वास येतो. वीस पोरं आहेत, सात मुली. त्यांतली एक आपली, पुढच्या ओळीत, तू पाठवलेली पाटी मांडीवर घेऊन.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते सांगते. काल काशी घरी आली, दप्तर ठेवलं, आणि सासूबाई उठून भाताच्या कणगीकडे गेल्या. आत कोपरापर्यंत हात घातला आणि माझी पाटी बाहेर काढली. पदरानं पुसली. उंदराचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. पाटी काशीपुढे धरली आणि म्हणाल्या की त्या दिवशी माज्या तोंडून गेलं ते नाव कसं दिसतं ते मला काढून दाव.

काशीनं मोठ्या अक्षरात काढलं, मोरू. सासूबाईंनी पाटी उजेडाकडे धरली, लांब धरली, जवळ घेतली. बोटानं चाचपून बघितली. मग मला विचारलं की एवढंच? मी म्हणाले हो, दोन अक्षरं. त्या म्हणाल्या, दोनच अक्षरं व्हती, आन् मी जल्मभर भ्याले.

पाटी पुसू देत नाहीत दादा. देव्हाऱ्याशेजारी उभी करून ठेवली आहे. आज सकाळी काशीला म्हणाल्या, आता त्याच्या शेजारी रंगू काढ.

लोभ असाच राहो, आणि पत्र वाचून झालं की रामनाथभाईंनाही वाचून दाखव.
तुझी,
सौ. हौसा विठू घरत